न मोजलेला मुलगा

विट्याच्या पेठेत हेमलता वेळापुरेच्या हाताची ख्याती होती. बांगडी कितीही तंग असो, मनगट कितीही थोराड असो, ती समोरच्या बाईचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याचा उंचवटा हळूच आत दाबायची, माहेर कुठलं, भाऊ काय करतो असलं काहीतरी विचारायची आणि बाई उत्तर देईस्तोवर डझनभर काच मनगटावर चढलेला असायचा. बांगड्या आता मनगटाचं माप घेऊन यंत्रावर छापून घरपोच मिळत होत्या. पण लग्नाचा आणि ओटीभरणाचा हिरवा चुडा कासारणीच्या हातूनच भरायचा, हा हट्ट गावानं सोडला नव्हता. त्यामुळे वेळापुरेंचं दुकान चालत होतं आणि गल्ल्यावर बसलेले श्रीधर वेळापुरे दिवसाकाठी दहा शब्द बोलून निभावून नेत होते.

पन्नाशी ओलांडली आणि ते हात बिघडले. आधी गार पाण्यात बोटं पांढरीफटक पडायला लागली. मग बोटांची कातडी ताणून बसवल्यासारखी घट्ट झाली, मूठ वळेना. मग तोंड उघडायचं कमी झालं. भाकरीचा तुकडा चिमणीला घालावा तेवढा करून खावा लागे. आजाराचं नाव निघालं स्क्लेरोडर्मा. शरीराच्या रक्षणाला ठेवलेली फौज मालकावरच उलटते आणि मारामारीत सापडलेली जागा दगडासारखी कडक होत जाते. जुन्या औषधांनी फौज गुंगीत राहायची, पण संपूर्ण गुंगीत ठेवली तर साधा सर्दीखोकलाही जिवावर बेतायचा. दुसऱ्या वर्षी दुखणं फुप्फुसात उतरलं. जिना चढताना हेमलता मध्येच थांबायची आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघतेय असं दाखवायची.

मिरजेला एका मोठ्या रुग्णालयात नवा उपचार सुरू झाला होता. तिथं गेल्यावर सहा आठवडे तपासण्या झाल्या, रक्त झालं, फुप्फुसाचा कणभर तुकडा काढून झाला. मुलीचं, ईश्वरीचंही रक्त घेतलं. उपचाराची तारीख ठरली. ठरल्या दिवशी डॉक्टर तस्नीम मुजावर ईश्वरीला म्हणाल्या, "तू पप्पांना घेऊन चहा पिऊन ये. आमच्या कँटीनचा पिऊ नकोस, रस्त्यापलीकडच्या गाड्यावरचा पी. लांब आहे, पण चालेल."

दोघं गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"हेमलताताई, तुम्हाला मुलगा झाला होता का?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न हेमलताला कुणी विचारला नव्हता. सासूनं नाही, आईनं नाही, ज्यांच्या पोटचा तो होता त्या श्रीधरनीही नाही. तिनं मान हलवली.

"झाला होता. मेलेलाच झाला."

"आमच्याकडच्या कागदावर 'आधीची बाळंतपणं' या रकान्यात 'एक, मुलगी' एवढंच आहे."

"ते ह्यांनी भरलं. माझ्या बोटांनी पेन धरवत नव्हतं. आणि मी भरलं असतं तरी तेच लिहिलं असतं. आमच्यात गेलेलं पहिलं मोजत नाहीत, डॉक्टर. दात यायच्या आधी गेलेल्याला अग्नी नाही, दहावा नाही. मातीत ठेवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. नाव ठेवलेलं नसतंय, त्यामुळं नाव काढायचाही प्रश्न येत नाही."

डॉक्टर मुजावरांनी समजावून सांगायला सुरुवात केली.

बाळ पोटात असतं तेव्हा वारेतून त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. बाळ जन्मतं, वार पडते, पण या पेशी सगळ्याच जात नाहीत. थोड्या आईच्या हाडांच्या मगजात, कातडीत, फुप्फुसात घर करून राहतात. पाच वर्षं, तीस वर्षं, आईच्या मरणापर्यंतसुद्धा. पूर्वी त्यांचा नुसता पुसटसा माग लागायचा. आता पेशीगणक नावाचं यंत्र आलं होतं. ते तुकड्यातली एकेक पेशी थांबवून तिचं ओळखपत्र बघायचं आणि ही घरची, ही पाहुणी, असं सांगायचं. बहुतेक बायकांत हे पाहुणे कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. काहींच्या बाबतीत मात्र फौजेला इतक्या वर्षांनी एकदम आठवतं, की हा आपल्यातला नाही.

"तुमच्या फुप्फुसातल्या पाहुण्या पेशी मुलग्याच्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "ईश्वरीच्याही थोड्या सापडल्या, पण त्यांना कुणी हात लावलेला नाही. तुमच्या यजमानांकडं ओळखपत्रं दोन. मुलाला एक गेलं, मुलीला दुसरं. तुमच्या फौजेचं वाकडं आहे ते मुलाकडं गेलेल्या ओळखपत्राशी. आणि आम्ही औषध बनवलं होतं मुलीच्या रक्तावरून, कारण कागदावर मूल एकच होतं. शेवटच्या तपासणीत मेळ बसेना म्हणून थांबलो. ते औषध दिलं असतं, तर ज्या पेशींचा काही गुन्हा नाही त्या गेल्या असत्या आणि तुम्ही होतात तशाच राहिला असतात. सहा आठवडे वाया गेले. तेवढ्यात तुमच्या फुप्फुसाची ताकद शंभरात सहासष्टवरून एकसष्टवर आली."

हेमलताच्या कानावर आकडे पडत होते, आत शिरत नव्हते. तिनं विचारलं, "म्हणजे तो जिता आहे?"

"तो म्हणजे… त्याच्या पेशी जिवंत आहेत. हो."

"आणि तो मला आतून खातोय?"

"अजिबात नाही. तो कुणालाच काही करत नाही. मार तो खातोय. तुमची फौज त्याला मारतेय आणि शेजारी राहतात म्हणून तुमचं फुप्फुस, तुमची बोटं त्यात सापडताहेत."

हेमलतानं आपल्या ताठ बोटांकडे बघितलं. आजवर तिनं त्या बोटांना मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. आता तिला त्यांच्याकडे बघवेना, आणि ती डॉक्टरांसमोर मोठ्यानं रडली.

*

उपाय दोन होते. दवाखान्यातल्या लोकांनी त्यांना आपापसांत नावं ठेवली होती, वेचणी आणि समेट.

वेचणी म्हणजे तुमच्याच फौजेतले थोडे शिपाई बाहेर काढायचे, त्यांना एकच ओळखपत्र पाठ करून घ्यायचं आणि परत आत सोडायचं. आठ-दहा दिवसांत ते त्या ओळखीची एकूणएक पेशी वेचून संपवतात. पाहुणाच उरला नाही की भांडण मिटतं. शंभरांतल्या नव्वदांना गुण आलेला होता. समेट याच्या उलटा. फौजेतल्या शांत डोक्याच्या पेशी काढायच्या, त्यांना बापाच्या रक्तावरून पाहुण्याची ओळख पटवून द्यायची, की हा आपलाच आहे, याला राहू द्या. आणि दर आठवड्याला त्यांना परत आत पाठवायचं. यात पाहुणा राहतो. पण हा उपचार अजून प्रयोगात होता. दहांतल्या तिघांनाच लागू पडला होता.

"आणि एक मर्यादा आहे," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "फुप्फुस पन्नासच्या खाली गेलं की वेचणीही करता येत नाही. शरीर ती सोसत नाही. मग माझ्या हातात काही उरत नाही."

घरी आल्यावर ईश्वरीला सगळं सांगावं लागलं. ईश्वरी सव्वीस वर्षांची, सांगलीच्या वीज कंपनीत इंजिनियर, हिशेबी आणि फटकळ. आपल्याआधी कुणी होतं हेच तिला त्या संध्याकाळी कळलं. ती आधी पप्पांकडे बघत राहिली. पप्पा पायपुसण्याकडे बघत होते.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "वाईट झालं. मला सांगायला पाहिजे होतं, पण ते असू दे. वेचणी कधी आहे?"

"मी समेट करणार आहे," हेमलता म्हणाली.

"दहांतल्या तिघांना लागू पडतो तो?"

"मग मी त्या तिघांत नसंन कशावरून?"

"आई, त्या पेशी आहेत. नखाएवढाही गोळा होणार नाही सगळ्या मिळून. त्याला डोळे नाहीत, त्याला तू कोण ते माहीत नाही."

"मला माहिताय की तो कोण आहे ते."

ईश्वरीचा आवाज चढला. "आणि मी? मी जिती आहे, आई! तुझ्यासमोर बसलेय. तू गेलीस तर रडणारी मी आहे, तो नाही. जे झालंच नाही त्याच्यासाठी तू मला सोडून जाणार?"

"झालं होतं," हेमलता म्हणाली. "झालं होतं गं. मला दाखवलं नाही एवढंच."

मग तिनं सांगितलं. प्रसूतीनंतर ती ग्लानीत होती. जाग आली तेव्हा पाळणा रिकामा होता आणि सासूबाई उशाशी बसल्या होत्या. 'बघायचं नाही. बघितलंस की माया लागंल,' एवढंच म्हणाल्या. दूध उतरलं तर छाती घट्ट बांधून टाकली. आठव्या दिवशी हेमलता दुकानात बसून बांगड्या भरत होती. एकदा तिला वाटलं होतं, की ग्लानीत रडण्याचा आवाज ऐकलाय. सासूबाई म्हणाल्या, शेजारच्या खोलीतलं असंल.

हे ऐकूनही ईश्वरीचा राग गेला नाही. श्रीधर उठून दुकानाच्या शटरला कुलूप लावलंय का ते बघायला गेले. ते त्यांनी तासाभरापूर्वीच लावलेलं होतं.

*

समेट सुरू झाला. दर मंगळवारी नवराबायको मिरजेला जायची. श्रीधर बाही वर करून रक्त द्यायचे, तोंडातून ब्र न काढता. मग हेमलताच्या नसेत थेंबथेंब ते शांत शिपाई सोडले जायचे. घरी तिला सकाळी एका नळीत फुंकर मारायची होती. आकडा थेट डॉक्टरांकडे जायचा, आणि ईश्वरीनं हट्टानं तो आपल्याही फोनवर घेतला होता.

पहिल्या महिन्यात आकडा एकसष्टवर थांबला. पुढच्या महिन्यात बासष्ट झाला. हेमलता त्या दिवसांत फार आनंदात होती. कुणी नसताना ती त्याच्याशी बोलायची. आज पेठेत काय झालं, तुझी बहीण कशी तिरसट आहे, तुझा बाप कसा मुका आहे, असलं काहीबाही. गरोदर बाई पोटावर हात ठेवते तसा ती छातीवर हात ठेवायची. श्रीधरनी एकदा ते बघितलं आणि आल्या पावली मागं फिरले.

तिसऱ्या महिन्यात आकडा अठ्ठावन्न झाला. मग छप्पन्न. डॉक्टर म्हणाल्या, अजून वाट बघू. ईश्वरी रोज सकाळी फोन करायची आणि आकड्याबद्दल बोलायची नाही. 'जेवलीस का?' एवढंच विचारायची. ते हेमलताला जास्त लागायचं.

त्याच सुमारास शेजारच्या पवारांच्या नातसुनेचं ओटीभरण आलं. हेमलतानं नको म्हणायला हवं होतं, पण तिला ते जमेना. ईश्वरी त्या रविवारी घरी होती. ती बरोबर गेली. पोरगी पाटावर बसली, हात पुढं केला. हेमलतानं तो हातात घेतला, माहेरचं विचारलं, अंगठ्याचा उंचवटा दाबायला गेली आणि बोटं दबलीच नाहीत. काच मध्येच अडकला. तिनं जोर लावला. कट्कन आवाज झाला आणि पोरीच्या मनगटावर रक्ताची रेघ उमटली.

"वाढली, वाढली," कुणीतरी घाईनं म्हणालं. बांगडी फुटली असं ओटीभरणात म्हणत नाहीत. पण पोरीचं तोंड उतरलं आणि तिनं दुसरा हात पोटावर घेतला.

ईश्वरी पुढं झाली. "आई, सरक." तिनं कधी दुकानात बसून हे शिकून घेतलं नव्हतं, फक्त लहानपणापासून बघितलेलं होतं. तिनं पोरीचं मनगट पुसलं, पंजा हातात घेतला, "काय गं, सोनोग्राफीत लाथा मारतंय म्हणे?" असं विचारून तिला हसवलं आणि एकेक करत, हळूहळू, चुडा भरला. चांगला अर्धा तास लागला. घरी येताना ती म्हणाली, "मी भांडत नाही आता. पण आज एक्कावन्न आहे, आई. पुढचा मंगळवार शेवटचा."

*

त्या मंगळवारी परतीच्या गाडीत फक्त दोघं होती. मिरज–विटा रस्त्यावर आता चालकाविना चालणाऱ्या गाड्या होत्या. समोरासमोर दोन बाकं, आणि गाडी आपली आपण जाते. आकडा एक्कावन्नवरच होता. डॉक्टर मुजावरांनी स्वच्छ सांगितलं होतं, समेट लागू पडलेला नाही. फौज उलट जास्त खवळलीय. या आठवड्यात वेचणीची सही झाली तर ठीक.

गाडी चालवायची असती तर श्रीधर रस्त्याकडे बघत बसले असते. पण इथं बघायला समोर बायकोच होती. तासगाव मागं पडलं तेव्हा ते म्हणाले, "हेमा, तू शेजारच्या खोलीतलं ऐकलं नव्हतंस."

हेमलतानं वर बघितलं.

"पाऊण तास होता तो. श्वास धरंना त्याला. डॉक्टरनी खूप केलं. मग आईच्या हातात दिला, आईनं माझ्या हातात दिला. माझ्याच हातात गेला." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "डोक्यावर दाट केस होते. कपाळाला भोवरा होता, तुझ्यासारखा. बोटं लांब होती. मी आईला म्हटलं, हेमाला एकदा दाखवू. आई म्हणाली, बघितलं तर ती सोडायची नाही त्याला, वेड लागंल तिला. मी ऐकलं. येरळेच्या काठाला ठेवला आणि मागं बघितलं नाही. त्यानंतर बोलायला तोंडच उघडंना माझं. कुठल्या तोंडानं बोलणार?"

एकतीस वर्षांत श्रीधर सलग एवढं बोलले नव्हते. हेमलताला त्यांचा इतका राग आला, की गाडी थांबवून उतरावं आणि चालत सुटावं असं वाटलं. आणि त्याच वेळी तिला त्यांची दयाही आली, कारण या माणसानं ते पाऊण तासाचं ओझं एकट्यानं वाहिलं होतं.

"तुमच्या आईचं चुकलं," ती शेवटी म्हणाली. "बघितलं नाही म्हणून सोडता आलं नाही मला. बघितलं असतं, तर रडून रडून सोडलं असतं."

श्रीधरनी डोळ्यांना हातरुमाल लावला. हेमलता खिडकीबाहेरच्या द्राक्षाच्या मांडवांकडे बघत राहिली. मग तिनं फोन काढला, डॉक्टर मुजावरांना लावला आणि विचारलं, की त्याला बघता येईल का.

*

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. डॉक्टरांनी फुप्फुसाच्या तुकड्यातल्या पेशी एका चपट्या बशीत वाढवून ठेवल्या होत्या. घरच्या पेशी निळ्या दिसाव्यात आणि पाहुण्या केशरी, अशी व्यवस्था केलेली होती. भिंतीवरच्या पडद्यावर निळंच निळं दिसत होतं, आणि त्यात सहा-सात केशरी ठिपके. एकेकाभोवती निळ्यांचं कोंडाळं.

"हा?" हेमलतानं बोट दाखवलं.

"हा. आणि हा, हा. सगळे तोच."

एक ठिपका हलत होता. कडेनं पाय काढल्यासारखा पुढं सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. एका निळ्या पेशीनं त्याला गाठलं, मग दुसरीनं. ठिपका आक्रसला.

"त्याला दुखतं का, डॉक्टर?"

"नाही. पेशीला दुखत नाही. दुखणं समजायला जे लागतं, ते तिच्याकडं नसतं. दुखतं ते तुम्हाला."

"आणि वेचणीत?"

"लवकर होतं सगळं. रोजची मारहाण नाही."

हेमलता पडद्याजवळ गेली. इतकी जवळ, की केशरी उजेड तिच्या कपाळावर पडला. मागं श्रीधर उभे होते, त्यांच्या शेजारी ईश्वरी. हेमलता बघत राहिली. कुणी तिला पुरे म्हटलं नाही, कुणी माया लागंल म्हटलं नाही. तिनं त्याला पोटभर बघितलं.

"पक्का बापावर गेलाय," ती म्हणाली. "आवाज नाही काही नाही."

ईश्वरीला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "मी कुठाय यात?"

डॉक्टरांनी दोन कळा दाबल्या आणि कोपऱ्यात तीन हिरवे ठिपके उजळले, निळ्यांत मिसळून गेलेले, निवांत.

"ही बघ," हेमलता म्हणाली. "तुझ्याशी माझं भांडणच नाही, म्हणून तू दिसत नव्हतीस." मग ती पुन्हा केशरी ठिपक्यांकडे वळली आणि हळू आवाजात बोलली; पण खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू आलं. "मी तुला मारतेय हे मला ठाऊक नव्हतं रे बाळा. इतकी वर्षं राहिलास, खूप केलंस. आता जा."

सही करायला तिला पेन धरता येईना. ईश्वरीनं तिच्या बोटांभोवती आपली बोटं धरली आणि दोघींनी मिळून सही केली.

*

वेचणीसाठी उरलेली फौज काही दिवस झोपवावी लागते, म्हणून हेमलताला काचेच्या खोलीत ठेवलं. कुणी शिवायचं नाही. ताटवाटी वेगळी. जेवण उकडलेलं, फोडणीशिवाय. भेट काचेपलीकडून, बोलणं भिंतीतल्या यंत्रातून. रुग्णालयाच्या भाषेत हे विलगीकरण होतं.

दुसऱ्या दिवशी ईश्वरीनं विचारलं, "काही पाहिजे का, आई? नर्सला सांगून शिरा करून देतात म्हणे."

"गोड नको," हेमलता म्हणाली. "मला सुतक आहे."

ईश्वरीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग तिला समजलं. श्रीधर तिच्या मागं उभे होते, त्यांनीही ऐकलं. त्या संध्याकाळच्या बसनं ते विट्याला गेले आणि पुढचे काही दिवस आले नाहीत. ईश्वरीच्या फोनला 'दुकान बघतोय' एवढंच उत्तर मिळायचं. ईश्वरी चिडली. बायको काचेत असताना हा माणूस दुकान कसलं बघतो, असं तिला वाटलं.

आत हेमलता दिवस मोजत होती. चौथ्या दिवशी ताप चढला, उतरला. सहाव्या दिवशी फुंकर मारली तर आकडा त्रेपन्न. आठव्या दिवशी पंचावन्न. नर्स टाळ्या वाजवून म्हणाली, "मावशी, बघा की!" हेमलता हसली, आणि नर्स गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. प्रत्येक वाढलेला आकडा म्हणजे तो तेवढा कमी झाला, हे तिला कळत होतं. नवव्या दिवशी उजव्या हाताचा अंगठा थोडा वळला. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली. त्या दिवशी रक्ताच्या तपासणीत केशरी पेशी एकही सापडली नाही. डॉक्टर मुजावर काचेपाशी आल्या, अभिनंदन म्हणाल्या नाहीत. "गेला, ताई," एवढंच म्हणाल्या. हेमलतानं त्यांना हात जोडले.

दहाव्या दिवशी दुपारी ईश्वरी आली. तिच्या मागून श्रीधर आले. हेमलतानं आधी त्यांना ओळखलंच नाही. डोक्यावर केस नव्हते, मिशी नव्हती. उघडं, गोरं, जरा कापलेलं डोकं घेऊन ते काचेसमोर उभे राहिले आणि सवयीप्रमाणे खाली बघायला लागले.

बाप गेला की मुलगा डोकं करतो. बापानं मुलासाठी डोकं करायची रीत नाही, आणि दात न आलेल्या मुलासाठी तर काहीच करायची रीत नाही. हेमलताला हे माहीत होतं. श्रीधरनाही माहीत होतं. ती काचेजवळ आली. तिनं आपला तळवा काचेवर टेकवला. बोटं अजून पूर्ण सरळ होत नव्हती.

"हे काय केलंत?" तिनं विचारलं.

श्रीधरनी डोक्यावरून हात फिरवला. ईश्वरीनं त्यांचा हात धरला आणि भिंतीतल्या यंत्राशी वाकून तीच बोलली.

"गुरुजी नाही म्हणाले, आई. असल्याला दहावा नसतो म्हणाले. मग पप्पा एकटेच येरळेवर गेले. पप्पांना घेऊन यायला मी पहाटे विट्याला पोचले तेव्हा मला कळलं, मग मीही मागं गेले. घाटावर न्हावी होता. तो म्हणाला, काका, या वयात कोण गेलं? पप्पा म्हणाले, थोरला मुलगा. त्याचा हात थांबला बघ. म्हणाला, अरेरे. केवढा होता?"

ईश्वरीनं पप्पांकडे बघितलं. श्रीधर वेळापुरेंनी मान वर केली, काचेतून बायकोच्या डोळ्यांत बघितलं आणि घाटावर न्हाव्याला दिलं होतं तेच उत्तर तिला दिलं.

"एकतीस वर्षांचा."